खिडकीबाहेरचा प्रेक्षक

काही महिन्यांपूर्वी आमच्या विभागातील लघु ख्रिस्ती समूहाची सभा एका घरी भरली होती. बायबल वाचन झाले, जपमाळ झाली आणि चहा-बिस्किटांबरोबर नेहमीप्रमाणे जुन्या गोष्टी निघाल्या. त्या दिवशी विषय निघाला पूर्वीच्या शनिवारचा आणि टीव्हीचा. आमच्या वयाची मंडळी रंगात आली. मीही मागे राहिलो नाही. आमच्या आळीत पहिला टीव्ही आमच्या घरी आला होता. शनिवारी संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नसायची, गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता, सगळे एका चटईवर बसायचो, असे मी बरेच काही सांगितले.

एका तरुणाने सहज विचारले, “काका, एवढी माणसे मावायची कशी?”

मी म्हणालो, “अरे, घर लहान होते, पण मन मोठे होते. सगळे मावायचे.”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी परतताना माझी पावले जड झाली. कारण मी सांगितले ते खरे नव्हते. सगळे मावत नव्हते. निदान एक जण बाहेर राहिला होता आणि त्याला बाहेर ठेवणारा हात माझा होता. ज्यांच्यासमोर मी ते बोललो ती माणसे आपल्याच धर्मग्रामातील आहेत. म्हणून दुरुस्तीही आपल्याच पत्रिकेत व्हावी, असे वाटल्याने हे लिहीत आहे.

आजच्या मुलांना ते शनिवार थोडे समजावून सांगायला हवेत. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. एकच वाहिनी, तीही संध्याकाळी काही तास. ‘आमची माती आमची माणसं’, बातम्या, ‘गजरा’, गुरुवारचे ‘छायागीत’. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. खेळांचे प्रक्षेपण म्हणजे पर्वणीच. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत एशियाड झाले, त्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. पण आमच्याकडचा संच कृष्णधवलच होता. बाबांनी कंपनीच्या सोसायटीतून कर्ज काढून तो घेतला होता. लाकडी खोका, पुढे सरकते शटर आणि त्या शटरला चक्क कुलूप! किल्ली आजीच्या कमरेला असे. जपमाळ झाल्याशिवाय शटर उघडायचे नाही, हा तिचा नियम होता. चित्रपटाच्या दिवशी शेजारची मुलेसुद्धा आमच्याकडे जपमाळेला हजर असत. त्यांच्या भक्तीचे कारण आजीला ठाऊक होते. पण ती हसून म्हणायची, “कशाने का होईना, नमो मरिया तर म्हणतात!”

आता त्या विशिष्ट शनिवारविषयी. तारीख होती 25 जून 1983. लॉर्ड्‌सच्या मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध वेस्ट इंडिज. वेस्ट इंडिजने 1975 आणि 1979 असे दोन्ही विश्वचषक जिंकले होते. आपण जिंकू असे फारसे कोणालाच वाटत नव्हते. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती आणि मला क्रिकेटपलीकडे दुसरे काही सुचत नव्हते.

पाऊस लागला होता. वाऱ्याने छपरावरचा अँटेना फिरला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. तेव्हा छपरावर कोण चढले? आमच्या वाडीत एक आदिवासी कुटुंब कामाला होते. केळीचे लोंगर उतरवणे, पाणी सोडणे, गवत काढणे ही कामे ती माणसे करत आणि वाडीतच झोपडी बांधून राहत. त्यांचा मुलगा साधारण माझ्याच वयाचा. तो भर पावसात निसरड्या कौलांवर चढला. मी ओटीवरून ओरडत होतो, “अजून थोडा! उलट्या बाजूला! बस, बस!” चित्र स्वच्छ झाले आणि आम्ही सगळे आत धावलो. तो खाली उतरला आणि ओटीच्या खिडकीपाशी उभा राहिला. त्याला कोणी आत ये म्हटले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. ती त्याची नेहमीचीच जागा होती. इतकी नेहमीची, की तो तिथे का उभा राहतो, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला कधी पडला नव्हता.

आजीने जपमाळ वेळेवर सुरू केली. त्या काळी शनिवारी गौरवाची रहस्ये म्हणत. पाच रहस्ये आम्ही इतक्या वेगाने म्हटली, की पवित्र मरियेलाही धाप लागली असेल. शटर उघडले. घरात तीस-चाळीस माणसे असावीत. भारताचा डाव 183 धावांत आटोपला होता. थोर मंडळी माना हलवत होती. त्यातच व्हिव्हियन रिचर्ड्‌स आला आणि चौकारांमागून चौकार मारू लागला. खोलीत सुतकी शांतता पसरली. अशा वेळी माणूस दोष द्यायला कोणीतरी शोधतो. मागून कोणीतरी म्हणाले, “तो पोरगा खिडकीत आल्यापासून हा मारायला लागला. पायगुण बरा नाही त्याचा. लावा ती खिडकी.”

लक्षात घ्या, आम्ही सगळे बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती. तासाभरापूर्वी जपमाळ म्हटलेली. पण कोणी त्या माणसाला गप्प केले नाही. मी खिडकीच्या सर्वांत जवळ बसलो होतो. मी उठलो. त्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “पाऊस आत येतो,” आणि खिडकी लावून कडी घातली.

थोड्याच वेळात मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्‌सने फटका उंच मारला. कपिलदेव मागे वळून धावला आणि त्याने झेल घेतला. रिचर्ड्‌स 33 धावांवर बाद. घर दणाणून गेले. “बघा, खिडकी लावली आणि गेला!” असे म्हणत लोकांनी माझी पाठ थोपटली. खरे सांगतो, मला त्या क्षणी फार बरे वाटले. जणू विकेट मीच काढली होती. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. वेस्ट इंडिजचा डाव 140 वर संपला, आपण 43 धावांनी जिंकलो. मध्यरात्रीच्या सुमारास आळीत फटाके वाजले. त्या गर्दीत तो मुलगा होता की नाही, हे मी पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहिल्या मिस्साला निघालो तेव्हा तो विहिरीवर पाणी काढत होता. त्याने विचारले, “रिचर्ड्‌सचा कॅच कुणी घेतला?”

बंद खिडकीबाहेर, पावसात, तो तसाच उभा राहिला होता. आतला जल्लोष त्याने ऐकला होता. काय झाले ते मात्र त्याला दिसले नव्हते. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, राग नव्हता. त्याला फक्त कॅच कोणी घेतला ते हवे होते. मी म्हणालो, “कपिलने. मागे धावत जाऊन.” तो हसला आणि पुन्हा पोहऱ्याकडे वळला. मी मिस्साला गेलो आणि कम्युनियनही घेतले.

चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या गोष्टीचे एवढे काय मनावर घ्यायचे, असे कोणी म्हणेल. एक खिडकी लावली, एवढेच ना? त्या मुलाला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. घर आमचे, टीव्ही आमचा, कर्जाचे हप्ते बाबा फेडत होते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हा घरमालकाचा हक्क नाही का? शिवाय घरालाही मर्यादा असते. आई दर शनिवारी तेवढ्या माणसांना पाणी देऊन थकून जायची. हे सर्व म्हणणे खोटे नाही. मीही ही उत्तरे स्वतःला कितीदा दिली आहेत. तरीही तो प्रश्न जात नाही. म्हणून थोडा विचार करू या.

पहिली गोष्ट. करमणूक वाईट होती का? त्या काळी काही वडीलधारी माणसे टीव्हीला सैतानाचा डबा म्हणत. मला ते पटले नाही. संत थॉमस अक्वायनस हे तेराव्या शतकातील महान तत्त्वज्ञ. त्यांनी खेळ आणि विनोद यांवर गंभीरपणे लिहिले आहे. संत योहानाविषयीची एक जुनी कथा ते सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असताना पाहून काहींना ते खटकले. तेव्हा योहानाने त्यांच्यापैकी एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. त्याने अनेक बाण सोडल्यावर योहानाने विचारले, “असे सतत करत राहशील का?” तो म्हणाला, “नाही, धनुष्य मोडेल.” योहान म्हणाला, मनाचेही तसेच आहे, त्याचा ताण कधी सैल केला नाही तर तेही मोडते. शरीराला जशी विश्रांती, तशी मनाला करमणूक, असे अक्वायनस म्हणतात. एवढेच नव्हे, जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यात अडथळा आणतो, तो इतरांना भार होतो आणि तोही एक दोषच आहे, असेही ते सांगतात. म्हणजे आठवडाभर राबलेल्या माणसांनी शनिवारी सामना पाहिला, चित्रपट पाहिला, यात गैर काही नाही. मात्र विश्रांती जर माणसाची गरज असेल, तर ती प्रत्येक माणसाची गरज आहे. वाडीत पाणी काढणाऱ्या मुलाच्या मनाचे धनुष्यही ताणलेलेच होते. किंबहुना आमच्यापेक्षा जास्त.

दुसरी गोष्ट. मी तसा दुष्ट मुलगा नव्हतो. एकटा असतो तर खिडकी लावली नसती. मग ते कसे घडले? संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात अलिपियुस नावाच्या मित्राची हकिगत सांगितली आहे. रोममध्ये माणसांच्या जीवघेण्या झुंजी होत. अलिपियुसला त्यांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढत नेले, तेव्हा मी शरीराने तिथे असेन, मनाने नाही, असे म्हणून तो डोळे मिटून बसला. पण अचानक गर्दीने मोठी आरोळी ठोकली. त्याने डोळे उघडले आणि त्या क्षणापासून तो त्या गर्दीतलाच एक झाला. आमचा खेळ निर्मळ होता, तिथे रक्त सांडत नव्हते. पण आरोळी तशीच होती. गर्दीचा आनंद माणसाला मोठे करतो, तसे लहानही करतो. एकट्याने जे करायला लाज वाटेल, ते आपण चाळीस जणांच्या वतीने सहज करतो. आणि वर कोणी पाठ थोपटली, तर ते चांगलेच होते असे वाटू लागते. पुढे हाच अलिपियुस ख्रिस्ती झाला आणि बिशपही झाला, हे मला धीर देणारे आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जगात दोन प्रकारच्या चांगल्या वस्तू आहेत. एक वाटल्याने कमी होणाऱ्या. भाकरी चौघांत वाटली तर प्रत्येकाला चतकोर मिळते. दुसऱ्या न घटणाऱ्या. दिव्याचा उजेड, गाणे, ज्ञान, प्रार्थना. चौघांनी ऐकले म्हणून गाणे चतकोर होत नाही. संत ऑगस्टीन याविषयी फार सुंदर विचार मांडतात. जी वस्तू दिल्याने कमी होत नाही, ती स्वतःजवळ ठेवून जर दुसऱ्याला दिली नाही, तर ती आपल्याला मिळायला हवी तशी मिळालेलीच नाही, असे ते म्हणतात.

कपिलदेवचा तो झेल अशीच वस्तू होती. खिडकीतून आणखी दोन डोळ्यांनी पाहिला असता, तर आमच्या वाट्याचा झेल कमी झाला नसता. चटईवरची जागा मर्यादित होती, हे मान्य. पण खिडकीला जागा लागत नव्हती. भाकरी नाकारली असती, तर निदान आमच्या ताटात कमी पडेल असे कारण तरी होते. ज्याने आमचे काहीच कमी होणार नव्हते, ते मी नाकारले. म्हणून ‘फक्त एक खिडकी’ ही सबब मला उलटी वाटते. गोष्ट लहान होती, म्हणूनच दोष मोठा होता.

लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला आहे. त्या श्रीमंताने लाजराला हाकलले, मारले, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. लाजर त्याच्या दारात होता आणि आतली मेजवानी चालू राहिली, एवढेच. दाखल्यात लाजराला नाव आहे, श्रीमंताला नाही. त्या मुलाचे नाव मला आजही आठवते. ते इथे लिहिण्याची परवानगी मी त्याच्याकडून घेऊ शकलेलो नाही, म्हणून लिहीत नाही. पुढे वाडी विकली गेली, तिथे इमारती आल्या आणि ते कुटुंब पूर्वेकडे कुठेतरी निघून गेले. मी पुष्कळ वर्षे ही गोष्ट पापनिवेदनात सांगितली नाही, कारण ती मला पापच वाटली नव्हती. त्या सभेनंतर सांगितली. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आज तुमच्या खिडकीबाहेर कोण आहे?”

त्याचे उत्तर शोधताना मला असिसीची संत क्लारा आठवली. ती टेलिव्हिजनची आश्रयदाती संत आहे, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. पोप बारावे पायस यांनी 1958 साली तसे जाहीर केले. त्याचे कारण मोठे हृद्य आहे. एका नाताळच्या रात्री क्लारा आजारी होती. बाकीच्या भगिनी प्रार्थनेला गेल्या आणि ती अंथरुणावर एकटी राहिली. तेव्हा दूरच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरातील उपासना देवाने तिला पडल्या जागी ऐकवली आणि दाखवली, असे तिच्या चरित्रात सांगितले आहे. म्हणजे टेलिव्हिजनची संत म्हणून ख्रिस्तसभेने कोणाला निवडले? उत्सवाबाहेर राहिलेल्या एका आजारी स्त्रीला. जी बाहेर राहिली होती, तिच्यापर्यंत आतला आनंद पोहोचला. टीव्ही असो, मोबाईल असो की चर्चच्या सणाचा वाद्यवृंद असो, करमणुकीच्या कोणत्याही साधनाला लावायची कसोटी मला यात सापडते. ते बाहेरच्याला आत आणते, की आतल्यांना बाहेरच्याचा विसर पाडते?

2020 साली आपण सगळेच काही काळ बाहेर होतो. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, चर्चची दारे बंद झाली. त्या वर्षीचा पवित्र आठवडा आणि पुनरुत्थानाचा सण आपण पडद्यावर पाहिला. 27 मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकात उभे राहून प्रार्थना करत होते, तेही आपण घरातूनच पाहिले. आत काही चालले आहे, ते आपले आहे, पण आपल्याला तिथे जाता येत नाही, हे दुःख तेव्हा कळले. पडद्यावर मिस्सा दिसत होता म्हणून आपण देवाचे आभार मानले. कोणी ती खिडकीही लावून घेतली असती तर?

आता दारे उघडली आहेत. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आहे. सामना बघायला कोणाला कोणाच्या खिडकीत उभे राहावे लागत नाही. वरवर पाहता प्रश्न सुटला. पण शनिवारी संध्याकाळी एकाच घरात चार माणसे चार पडद्यांपुढे बसलेली असतात, आणि आतल्या खोलीतल्या आजीला जपमाळेला सोबत नसते. आता आत आणि बाहेर यांमधली भिंत घराला नसून प्रत्येक माणसाभोवती आहे. नव्या इमारतींत भाड्याने राहायला आलेली, आपली भाषा न बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे मिस्साला मागच्या बाकावर बसतात आणि शेवटच्या गीताआधी निघून जातात. इमारतीत मोठा पडदा लावून सामना पाहतात, तेव्हा रखवालदार फाटकाजवळच्या खुर्चीवर बसून आतला आवाज ऐकतो. त्यालाही कदाचित एवढेच हवे असते, कॅच कोणी घेतला.

म्हणून त्या तरुण मित्राच्या प्रश्नाला माझे दुरुस्त केलेले उत्तर असे. नाही बाळा, सगळे मावत नव्हते. ते दिवस चांगले होते, माझे आईबाबा खरोखर उदार होते, आणि तरीही एक मुलगा पावसात बाहेर होता. जुन्या दिवसांचे गुणगान आम्ही जरूर करू, पण त्याच्यासह करू.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सामना असेल, नाहीतर दुसरे काहीतरी असेलच. त्या दिवशी मी आमच्या इमारतीच्या रखवालदाराला वर बोलवायचे ठरवले आहे. त्याला फाटक सोडता येत नसेल, तर मी मोबाईल घेऊन खाली त्याच्या शेजारी बसेन. आपणही आपापल्या खिडकीबाहेर एकदा डोकावून पाहावे, ही विनंती.